गाडी न नेता पणजी, तीन-चार दिवस निवांत – कोल्हापूरहून कोणी केलंय का?

राजारामपुरी_नववी_गल्ली

नमस्कार मंडळी. आई-अण्णांना घेऊन समुद्राकडं कुठंतरी जायचं चाललंय, मधल्या वारी, सोमवार ते गुरुवार धरा. आई ६६ ची, अण्णा ७६ चे, शिवाय मी आणि बायको. गाडी आहे दारात पण न्यायची नाही असं ठरवलंय. कारण आमच्यात ट्रिप म्हणजे मी स्टिअरिंगवर, मागनं आई "हळू रे" करत्या, अण्णा प्रत्येक नाक्यावर चहा मागतात, आणि मुक्कामाला पोचलो की निम्मा वेळ पार्किंग हुडकण्यात जातो. घरी आलो की परत दोन दिवस सुट्टी टाकावी लागते. यावेळी मलापण खिडकीतनं बाहेर बघत बसायचंय.

पणजी डोक्यात आहे कारण गोवा म्हटलं की सगळे बागा-कलंगुट सांगतात आणि आम्हाला ते नको आहे. डीजे नको, वॉटर स्पोर्ट्स नकोत, "एका दिवसात बारा पॉइंट" वालं तर अजिबात नको. सकाळी उठावं, चालत कुठंतरी नाष्टा करावा, दुपारी झोपावं, संध्याकाळी पाण्याकडेला बसावं, बास. पण आईचे गुडघे कुरकुरतात आणि घाटात तिला मळमळतं. एसटीनं जावं का? राहायचं नेमकं कुठं म्हणजे रोज रिक्षा करावी लागणार नाही? आई शाकाहारी, अण्णा माशाशिवाय जेवत नाहीत, हे पण सांगून ठेवतो. नोव्हेंबरच्या शेवटी किंवा जानेवारीत, दोन्ही चालेल.

गंगावेस_तालीम

भावा गाडीशिवाय गोवा म्हणजे कटाशिवाय मिसळ. चौघं आहात, पेट्रोल वाटून पण येत नाही, आंबोलीनं गेलास तर दुपारच्या जेवणाला पणजी. तिथं टॅक्सीवाले जे रेट सांगतात ते ऐकून अण्णा माघारी चालत येतील. तिथं ओला-उबर पण नाही हे म्हाईत हाय न्हवं? बाकी तुझी मर्जी.

मूळ_इचलकरंजी_सध्या_पणजी

वरचे दादा म्हणतात ते बागा-कलंगुटला जाणाऱ्यांसाठी खरं आहे, त्या पट्ट्यात गाडी नसली की हाल होतात. पण पणजी शहर वेगळं हो. मी लग्न होऊन इथं आले तेव्हापासून माझ्याकडं साधी स्कूटर पण नाही आणि माझं काही अडलेलं नाही. जुनं पणजी एवढंसंच आहे, एका बाजूला मांडवी नदी, दुसऱ्या बाजूला आल्तिनोची टेकडी, आणि मधल्या सपाटीवर बाजार, चर्च, देऊळ, बाग, हॉटेलं सगळं. तुम्हाला फक्त एकच गोष्ट नीट करायची आहे ती म्हणजे खोली कुठं घेताय ते. बाकी सगळं आपोआप होतंय.

तर खोली घ्या मळा-फोंतेन्हासच्या बाजूला नाहीतर चर्च चौक ते म्युनिसिपल गार्डनच्या आसपास. बुकिंगच्या साइटवर "पणजी" टाकलं की मिरामार, दोना पावला, पर्वरी, सगळंच पणजी म्हणून दाखवतात आणि फोटोत स्विमिंग पूल बघून माणूस भुलतो. पर्वरी तर नदीच्या पलीकडं आहे, तिथं राहिलात की प्रत्येक चहाला रिक्षा. कदंबा स्टँडवरनं (गोव्याच्या सरकारी बसचा स्टँड, पाट्टोला) ओरें खाडीवरचा छोटा पूल ओलांडला की तुम्ही मळ्यातच येता, बॅग चाकाची असेल तर चालत जा. पण मळ्यात घेताना आधी फोन करून विचारा, खोली तळमजल्यावर आहे का आणि रस्त्यापासून पायऱ्या किती. जुनी पोर्तुगीज काळातली घरं आहेत, लाकडी जिने उभे असतात, आणि टेकडीला टेकलेल्या गल्लीतली खोली आली तर आईंच्या गुडघ्यांचं काही खरं नाही. आल्तिनोवर मात्र राहायचं नाही, व्ह्यू छान असतो पण रोज चढायचं कोण.

तारखेचं म्हणाल तर नोव्हेंबरचा शेवट टाळा. तेव्हा इफ्फी म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो, २००४ पासून दरवर्षी इथंच, कांपालकडचा सगळा भाग डेलिगेट लोकांनी भरून जातो आणि खोल्यांचे भाव वर जातात. तुम्हाला सिनेमे बघायचे असतील तर गोष्ट वेगळी. ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त (चर्चचा उत्सव), ८ डिसेंबरला आमच्या पणजीच्या चर्चचं, मग नाताळ आणि थर्टी फर्स्ट. जानेवारीचा दुसरा आठवडा घ्या, हवा पण बरी असते.

लालपरी_जिंदाबाद

एसटीचं मी सांगतो. सीबीएसवरनं (कोल्हापूरचं मध्यवर्ती बसस्थानक) पणजी गाड्या आहेत, आजरा-आंबोली-सावंतवाडी-बांदा अशा जाणाऱ्या बघा. सहा-सात तास धरून चला, कमी सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. सकाळची पहिली धरा म्हणजे उजेडात पोचाल आणि आंबोलीचा घाट जेवणाआधी उतरून होतो, मळमळणाऱ्या माणसाला हे फार महत्त्वाचं. आईंना ड्रायव्हरच्या मागच्या दोन-तीन रांगांत बसवा, मागच्या चाकावर नको. घाट लागायच्या अर्धा-पाऊण तास आधी डॉक्टरांना विचारून गोळी, घाट सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नसतो. आणि निघताना भरपेट पोहे-चहा असलं काही करू नका, दोन बिस्किटं आणि खिशात आवळा सुपारी.

तिकिटाचं गणित तुमच्या घराला एकदम फायद्याचं आहे. अण्णा ७५ च्या वर म्हणजे अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेत फुकट, आई आणि वहिनी महिला सन्मानमध्ये अर्ध्या तिकिटात, पूर्ण पैसे भरणार फक्त तुम्ही 😄 पण ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच असते, बांद्याच्या पुढं गोव्यातलं जे अंतर आहे त्याचं पूर्ण तिकीट सगळ्यांना. कंडक्टरनं तसे पैसे मागितले की भांडू नका, बरेच जण भांडतात.

रात्रीच्या प्रायव्हेट स्लीपरच्या नादी लागू नका. त्या बहुतेक पुण्याहून येतात, कोल्हापुरात मध्यरात्री तावडे हॉटेलला हायवेवर उभं राहायचं, गाडी "आलीच पाच मिनिटात" म्हणत तासभर, आणि ७६ वर्षांच्या माणसाला वरचा बर्थ.

मिरज_जंक्शन

रेल्वे कोणीच बोललं नाही. कोल्हापूरवरनं कोकणात थेट रेल्वे नाही हे खरं, वैभववाडी लाइन आपण लहानपणापासून पेपरातच वाचतोय. पण मिरजेवरनं गोवा एक्सप्रेस आहे की, बेळगाव-लोंढा-कॅसलरॉक करत खाली उतरते. मडगावला उतरायचं आणि तिथनं कदंबाची नॉनस्टॉप शटल, तेहतीस-चौतीस किलोमीटर. परत येताना ती वास्कोतनं दुपारी सुटते म्हणजे दूधसागर उजेडात दिसतो. अण्णांना नक्की आवडेल.

लालपरी_जिंदाबाद

@मिरज_जंक्शन दूधसागर ठीक आहे ओ, पण जाताना ती मिरजेला रात्रीची आणि मडगावला पहाटे. येताना परत मिरजेत रात्री उशिरा उतरायचं आणि तिथनं पुढं पन्नास किलोमीटर कोल्हापूर, म्हाताऱ्या माणसांना घेऊन. तुम्ही मिरजेचे म्हणून तुम्हाला सोपं वाटतंय.

मिरज_जंक्शन

ते पण आहे म्हणा. मिरजेत मुक्काम करा, आमच्याकडं या 😀

साखरप्याचा_जावई

मी मधेच तोंड घालतो. निवांतच जायचं असेल तर रत्नागिरी का नाही? १३० किमी, आंबा घाट, एसटीनं चार तासात पोचतंय. राज्याच्या हद्दीतच असल्यामुळं सवलत पण पूर्ण लागू. तिथल्या मांडवी किनाऱ्याच्या जेटीवर संध्याकाळ, थिबा राजवाडा, टिळकांचं जन्मस्थान, पतित पावन मंदिर, भाट्याच्या पुलावरनं चालत जाऊन बीच. ब्रह्मदेशचा राजा इंग्रजांनी तिथं आणून ठेवला आणि १९१६ ला तो तिथंच गेला, राजवाड्यात उभं राहून समुद्राकडं बघितलं की वाईट वाटतं राव. मासे तर काय सांगायलाच नको.

राजारामपुरी_नववी_गल्ली

@साखरप्याचा_जावई रत्नागिरीला बायकोचं माहेर आहे. निवांतपणा हवाय म्हणून लिहिलंय वरती 😂 तिकडं गेलो की चार घरी चहा, दोन घरी जेवण.

बाकी सगळ्यांना धन्यवाद, जानेवारी फिक्स करतो. @मूळ_इचलकरंजी_सध्या_पणजी ताई, आता दोन-तीन शंका. एक म्हणजे समुद्र. पणजीत नदी आहे, समुद्र कुठाय? आई म्हणत्या पाय भिजवायला पाणी पाहिजे. दुसरं, दिवसभर करायचं काय, म्हणजे काही करायचं नाहीच आहे पण अगदीच खोलीत बसून अण्णा कंटाळतील, त्यांना इतिहासाचं वेड आहे. आणि आईला शाकाहारी नीट मिळेल का?

मूळ_इचलकरंजी_सध्या_पणजी

समुद्र आहे की, मिरामारला. शहराच्या मध्यापासून तीनेक किलोमीटर. दोना पावलाकडं जाणारी कुठलीही बस जाते, कदंबाच्या इलेक्ट्रिक बस पण फिरतात शहरात. मांडवी जिथं समुद्राला मिळते तिथंच हा बीच आहे, वाळू सपाट, पाय भिजवायला झकास, पोहायला मात्र नाही, पाण्याला ओढ आहे. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांची समाधी तिथंच आहे, अण्णांना सांगा. जाताना चालत गेलात तर अजून चांगलं, नदीच्या कडेनं कांपालची मोठी झाडं, कला अकादमी (चार्ल्स कोरिया यांनी डिझाइन केलेली), जागोजागी बसायला बाकडी. येताना बस. संध्याकाळी साडेचारच्या आधी निघू नका, ऊन लागतं.

अण्णांसाठी सांगते. पहिल्या दिवशी फक्त आझाद मैदानाच्या आसपासचा भाग. मांडवीच्या काठावर आदिलशहाचा वाडा आहे, विजापूरवाल्यांचा, पुढं पोर्तुगीजांनी तोच सचिवालय म्हणून वापरला. त्याच्या शेजारी आबे फारियाचा पुतळा बघा, एक माणूस दोन्ही हात पसरून बाईवर वाकलाय आणि बाई मागं कोसळत्येय, लोकांना वाटतं काहीतरी भांडण आहे. तो कांदोळीला १७५६ मध्ये जन्मलेला पाद्री, युरोपात जाऊन संमोहनावर काम केलेला. मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दारात आत शिरल्या शिरल्या भिंतीवर निळ्या-पांढऱ्या टाइल्सची मोठी चित्रं आहेत, वास्को द गामाच्या सफरीची. तिकीट वगैरे काही नाही, सावलीत उभं राहून बघायची. चर्चच्या झिगझॅग पायऱ्या आईंना चढवू नका, खालनंच छान दिसतं. वरची घंटा जुन्या गोव्याच्या ऑगस्टीन मठातली आहे, तो मठ पडला आणि घंटा इकडं आली.

आणि चर्चपासून चालत जाण्यासारखं महालक्ष्मीचं देऊळ आहे, दादा वैद्य रस्त्यावर. कोल्हापूरचं माणूस आलं आणि महालक्ष्मीला गेलं नाही असं मी कधी बघितलं नाही. आईंचा सकाळचा तास तिथं.

दुसऱ्या दिवशी जुना गोवा. कदंबा स्टँडवरनं बस सारख्या असतात, नऊ-दहा किलोमीटर. उजव्या-डाव्या खिडकीचं विचाराल तर नदीच्या बाजूची धरा. रायबंदरला जाणारा रस्ता म्हणजे १६३०च्या दशकात दलदलीतनं बांधलेला तीन किलोमीटरचा बांध आहे आणि अजून त्यावरनंच बस पळते, हे अण्णांना आधी सांगून ठेवा म्हणजे ते खिडकी सोडणार नाहीत. बॉम जेझस आणि से कॅथेड्रल ही दोन मोठी चर्चेस समोरासमोर, मध्ये मोठी हिरवळ. दोन्ही आतनं गार असतात. तेवढं बघा आणि अकरापर्यंत परत फिरा. लोक तिथंच सगळी चर्चेस एका दमात करतात आणि शेवटी कोणती कुठली ते आठवत नाही. खांदे-गुडघे झाकलेले कपडे हवेत.

दुपारी एक ते चार शहर झोपतं. खरंच झोपतं, दुकानाची शटर खाली असतात, फार्मसीसुद्धा कधीकधी. बाहेरची लोकं यावर चिडतात. तुम्ही पण झोपा, तुमच्या मूळ यादीत ते होतंच.

मूळ_इचलकरंजी_सध्या_पणजी

खाण्याचं राहिलं. आईंना सकाळी चर्च चौकाच्या आसपासच्या जुन्या कॅफेत न्या, कॅफे टाटो, कॅफे भोसले ही नावं इथं कोणालाही विचारा. पातळ भाजी किंवा सुकी भाजी, सोबत पाव नाहीतर पुरी, आणि बन्स (केळं घातलेली गोडसर पुरी). मिरचीचा झटका आपल्याइतका नाही, त्यामुळं कोल्हापूरकर पहिल्या घासाला "एवढंच?" म्हणतात आणि मग दुसरी प्लेट मागवतात. अण्णांनी दुपारी फिश थाळी घ्यावी, हुमण (माशाची आमटी)-भात, तळलेला तुकडा, किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), सोलकढी. साडेबाराच्या आत जाऊन बसा, एकनंतर बँका आणि ऑफिसवाले सगळे येतात आणि रांग लागते.

सकाळी सहा-साडेसहाला खिडकीखाली पों-पों असा भोंगा वाजला तर दचकू नका, तो पोदेर, म्हणजे पाववाला. सायकलवर मागं मोठी टोपली, वर निळं प्लास्टिक, खाली गरम पोई आणि पाव. अण्णांना खाली पाठवा, थोडी मोड घेऊन. पोई म्हणजे आपली पोळी नव्हे हं, कोंडा लावलेला पोकळ पाव असतो. चहाबरोबर असाच खायचा, बाकी काही लागत नाही.

पंचगंगा_घाट_संध्याकाळ

फेरीबोटीचं कोणी लिहिलं कसं नाही! माझ्या मते पणजीतली सगळ्यात चांगली अर्धा तासाची करमणूक तीच. पणजीच्या धक्क्यावरनं पलीकडं बेतीला फेरी जाते, चालत येणाऱ्याला तिकीट नाही. सपाट लोखंडी बोट, पुढची फळी दोरानं खाली सोडतात, ती धक्क्यावर धाडकन आपटते, आधी स्कूटरवाले सुटतात मग आपण. डिझेलचा वास, पायाखाली लोखंड थरथरतंय, बाजूला कॅसिनोच्या बोटी दिव्यांनी मढवलेल्या, आणि शेजारी कोणीतरी मासळीची पिशवी घेऊन घरी चाललेलं. पाच-सात मिनिटांत पलीकडं. तिथं उतरून थोडं उभं राहायचं आणि पुढच्या फेरीनं परत. अंधार पडताना जावा. कडेला बसायला बाक असतात, म्हाताऱ्यांना आधी आत घ्या, स्कूटरवाले रेटतात.

त्या संध्याकाळच्या क्रूझवाल्यांचे एजंट रस्त्यावर मागं लागतील, तासभर मोठ्यांदा गाणी आणि स्टेजवर नाच. तुमचा नियम काय ते तुम्हीच लिहिलाय. आम्ही एकदा गेलो होतो, वडील दहा मिनिटात कानात बोटं घालून बसले.

बर्ड_मामा_कसबा_बावडा

अजून एक फेरी आहे, रायबंदर ते चोडण. चोडणला उतरलं की लगेच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य, गेटच्या आत खारफुटीतनं फरसबंदी वाट. जानेवारीत पाहुणे पक्षी असतात, खंड्याचे वेगवेगळे प्रकार हमखास. चिखलात उड्या मारणारे मासे बघायचे, त्यात अण्णांचा अर्धा तास जाईल. सकाळी लवकर जा आणि डासांचं मलम न्या. वाट सपाट आहे, गुडघ्यांना त्रास नाही. कळंबा तलावावर पक्षी बघून आपल्याला वाटतं आपण लई बघितलंय, तसं काही नाही.

गंगावेस_तालीम

मानलं. मी गोव्याला दरवर्षी जातो आणि यातलं एक पण बघितलं न्हाई. पण एक विचारतो, चार दिवसात पाऊस न्हाई काय न्हाई पण समजा आईंचे गुडघे भरून आले आणि चालवेना, मग काय? गाडी न्हाई, टॅक्सी लूटमार.

मूळ_इचलकरंजी_सध्या_पणजी

रिक्षा असतात हो शहरात, भाडं आधी ठरवून बसा. गोवामाइल्सचं ॲप आहे, त्यावर टॅक्सीचा आकडा आधी दिसतो. एकट्या माणसाला पायलट म्हणजे मोटारसायकलची टॅक्सी, काळी-पिवळी, पण ती आईंना नको. आणि एक दिवस अगदीच चालवेना तर म्युनिसिपल गार्डनमध्ये बसवा त्यांना, चौघांनी बाहेर पडायलाच पाहिजे असा काही नियम नाही. मळ्यातली रंगीत घरं तर खोलीच्या दारात उभं राहून दिसतात. तिथं फक्त एक सांभाळा, लोकांच्या दारात-खिडकीत उभं राहून फोटो काढू नका. रोज शंभर जण येऊन व्हरांड्यात पोझ देतात, राहणारे वैतागलेत आणि घरांवर पाट्या लागल्यात. कोपऱ्यावरचं सेंट सेबास्टियनचं चॅपेल उघडं मिळालं तर आतला क्रूस बघा, त्यातल्या येशूचे डोळे उघडे आहेत आणि मान ताठ आहे. तो पूर्वी जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या (पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या) वाड्यात होता.

राजारामपुरी_नववी_गल्ली

ताई, मामा, लालपरीवाले, सगळ्यांना लई आभार. मळ्यात तळमजल्याची खोली मिळाली, फोन करून पायऱ्या विचारल्या तर तो माणूस म्हणाला तीन, आणि हसला, म्हणे असं विचारणारे तुम्हीच पहिले नाही. जानेवारीतला सोमवार-गुरुवार. जुना गोवा एक सकाळ, चोडण एक सकाळ, बाकी मोकळं ठेवलंय. बायको म्हणाली यादी केलीस तर मी रत्नागिरीला जाईन.

अण्णांना फुकट तिकीट आहे सांगितलं तर म्हणाले मग परतीला तुम्ही या, मी अजून चार दिवस राहतो. एक शेवटची शंका, परतीच्या गाडीचं रिझर्वेशन इथनंच करता येतं का तिथं जाऊन?

लालपरी_जिंदाबाद

इथनंच करा, एसटीच्या ॲपवर किंवा सीबीएसच्या खिडकीवर, जातानाचं आणि येतानाचं एकदमच. येताना पण पुढच्या रांगा बघा, घाट चढतानापण लागतोच. आणि अण्णांचं आधार कार्ड बॅगेत खाली टाकू नका, वरच्या खिशात ठेवा, जातानापण लागणार आणि येताना बांद्यापासून पुढं परत.